झडप पडायची तेवढ्या वेळात

माझ्या हातचं दार फुगत नाही, असं मी जन्मभर सांगत आलो. बुलढाण्यात माझ्या हातची दारं अजून उभी आहेत, ज्याला पाहायची त्यानं जाऊन पाहावीत. फक्त एका दाराबद्दल मी खोटं बोललो, आणि ते माझ्या स्वतःच्या घराचं. त्या खोट्यापायी एका बाईची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती, म्हणून हे लिहायला बसलो. लिहिण्याचा मला सराव नाही. पण कोणाकडून लिहून घेणं मला जमत नाही.

माझं शिक्षण तिसरी. चौथीत चार दिवस बसलो. वाचताना मी ओळीखाली बोट धरायचो. मास्तरांना ते आवडायचं नाही. त्यांनी त्याच बोटावर पट्टी मारली, नखावर. दुसऱ्या दिवशी मी वडिलांसोबत सुतारकामाला गेलो. ज्या बोटानं वाचतो त्याच बोटाला मारता, तर ठेवा तुमचं पुस्तक तुमच्यापाशी. वडिलांनी रंधा हातात दिला. त्यांना हाताखाली माणूस हवाच होता.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. माझं दुकान कोर्टामागच्या बोळात होतं. चैत्राच्या सुरुवातीला एक बाई आल्या. सुती लुगडं नव्हे, साडी, खांद्याला पिशवी, वय तिशीच्या आत. इथल्याच एका वकिलांची मुलगी. बाहेर शिकून मोठ्या कॉलेजात शिकवत होत्या, आणि एका वर्षाची रजा घेऊन घरी आल्या होत्या.

"मिस्त्री, एक पेटी करायची आहे."

"कायची? कपड्याची का धान्याची?"

"पाहायची," त्या म्हणाल्या आणि कागद उलगडला.

उभी पेटी. पुढून डोळे लावायला दोन भोकं. मागच्या बाजूला शब्द लिहिलेलं कार्ड अडकवायचं. मधे दोन खाचांतून वरून खाली पडणारी एक फळी, आणि त्या फळीला आडवी फट. फळी सोडली की फट कार्डासमोरून जाईल तेवढाच वेळ शब्द दिसणार, मग अंधार. बाई त्या फळीला झडप म्हणायच्या. तेवढ्या वेळात कोणाला किती वाचता येतं, ते त्यांना मोजायचं होतं.

"मंग चष्मेवाल्याकडे जा ना, बाई. मी लाकूडवाला."

"चष्म्यानं अक्षर दिसतं मिस्त्री, वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. मग कागदाकडे पाहतच बोलल्या, "माझा धाकटा भाऊ. चिंचेच्या पानांत बसलेला पोपट आम्हाला कोणाला दिसायचा नाही, त्याला दिसायचा. पण पुस्तकाची एक ओळ काही सरळ वाचता यायची नाही. मास्तर म्हणायचे आळशी आहे. मार खाऊन खाऊन शाळा सुटली त्याची. तो आळशी नव्हता. मग तो कुठं अडत होता, डोळ्यात का डोळ्याच्या मागं, एवढंच मला शोधायचं आहे."

मी माझं बोट मुठीत घेतलं आणि म्हणालो, "करतो पेटी."

जाताना त्या दारातून वळल्या. "मिस्त्री, फळी खाचेत जराशी सैल ठेवा हं. आपोआप पडली पाहिजे."

"सैल?" मी म्हणालो. "माझ्या दुकानातून सैल काम जात नाही."

"थोडी म्हणते मी."

"थोडी नाही आन् जास्त नाही. सुई जाणार नाही आन् फळी अडणार नाही, असं करून देतो. पाहून घ्या."

आणि तसंच करून दिलं. जुनं सागवान, रंध्याखाली काचेसारखं आलेलं, खाचांना मेण. फळी सोडली की खाली बाईंनी ठेवलेल्या कापसाच्या उशीवर धप् आवाज यायचा, बस. बाई ती पेटी त्यांच्या विद्यापीठात घेऊन गेल्या. तिथल्या यंत्रावर झडपेचा वेळ मोजून आल्या. परत आल्या तेव्हा तोंड फुललेलं. "मिस्त्री, दिवसभर पाडली. दर वेळी तेवढाच वेळ. केसाचा फरक नाही." मी नुसती मान हलवली. फरक असता तर मला नवल वाटलं असतं.

मग म्हणाल्या, शाळांमध्ये फिरायचं आहे, पेटी सांभाळायला तुम्हीच चला. घाट उतरून मोताळ्याच्या बाजूला दोन-तीन खेड्यांतल्या शाळा त्यांनी धरल्या होत्या. मी एस.टी.त पेटी मांडीवर घेऊन बसायचो, वर धुतलेलं धोतर झाकून. पहिल्याच दिवशी कंडक्टर म्हणाला, "देव्हारा दिसते मिस्त्री. कोन्ता देव आहे?"

"सरस्वती," मी म्हणालो. त्यानं खरंच हात जोडले. बाई खिडकीकडे तोंड करून हसत होत्या.

शाळेत खिडकीचा उजेड पाहून पेटी मांडायची. मास्तर पट्टी घेऊन बाजूला उभे राहायचे, त्यांना बाई गोड बोलून बाहेर पाठवायच्या. मग पोरं येण्याआधी पेटी नीट चालते का ते माझ्यावर पाहायच्या. मी भोकांना डोळे लावायचो, त्या झडप सोडायच्या.

"काय दिसलं?"

"काळं मांजर पळालं."

"अक्षर कोणतं?"

"मांजर म्हणतो ना."

त्या वहीत लिहायच्या, 'मिस्त्री, मांजर.' रोज तेच. कार्ड रोज नवं असायचं, शाई वाळायच्या आधीचं, पण मला मांजरच दिसायचं. मला त्याचं काही वाटत नाही असं मी दाखवायचो.

पोरांचं वेगळं. पहिली-दुसरीची पोरं एखादं अक्षर धरायची. "क!" म्हणून ओरडायची, पुढचं गेलं. एक मुलगी कार्डावर काही असो, दर वेळी म्हणायची, "आई." बाई तिला एकदाही चुकलं म्हणाल्या नाहीत. "अजून एक पाहतेस?" म्हणायच्या. एक पोट्टा म्हणाला, "भाकर." दुपार झाली होती. बाईंनी पेटी बंद केली आणि सगळ्यांना जेवायला सोडलं.

त्यांनी मला एक गंमत दाखवली. पुस्तकाच्या पानाला मधोमध भोक पाडलं. पोरगं पुढून वाचतं आणि आपण मागून भोकातून त्याचे डोळे पाहायचे. मला वाटायचं, डोळा ओळीवरून रंध्यासारखा सरकत जात असेल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाई म्हणाल्या, नाही, उड्या मारतो. मी म्हणालो, असं होऊच शकत नाही. त्यावर आमचं चांगलं वाजलं. शेवटी त्यांनी मला पानामागं बसवलं. चौथीतला मुलगा वाचत होता, आणि त्याची बुबुळं दाण्यावर उतरलेल्या चिमणीसारखी टुणटुण उडत होती. टिपलं, थांबली, उडाली. कच्चं वाचणाऱ्याची चिमणी पुन्हा पुन्हा मागं यायची, सांडलेला दाणा शोधत. मी बोट काऊन धरत होतो, ते मला इतक्या वर्षांनी तिथं कळलं. चिमणी उडून जाऊ नये म्हणून.

श्रावण-भाद्रपदात बाईंनी त्याच पोरांना पुन्हा पेटीपुढं बसवलं. शाळा उघडून अडीच-तीन महिने झाले होते. तेवढ्यात किती फरक पडतो ते पाहायचं होतं. आणि काय सांगू, पोरं भडाभडा अख्खे शब्द सांगायला लागली. चैत्रात 'क' म्हणून थांबणारी पोरं 'कपाट' म्हणत होती. 'आई'वाली मुलगी म्हणाली, "गवत," आणि कार्डावर गवतच होतं. बाईंनी तिला उचलूनच घेतलं. परतीच्या गाडीत त्या मला सांगत होत्या, "मिस्त्री, ज्यांना मास्तर ढ म्हणतात ना, ती पोरं दोन-तीन महिन्यांत अख्खा शब्द एका नजरेत धरतात. नुसता वेळ द्यायला पाहिजे त्यांना. हे मी दिवाळीत सगळ्या विद्वानांपुढं वाचणार. आमच्या सरांना पत्रही टाकलं."

आणि मी? पोरांच्या आधी मी डोळे लावले होते. झडप पडली. मी म्हणालो, "कमळ."

बाई थांबल्या. कार्ड काढून मला दाखवलं. कमळ. माझी छाती तुम्हाला दिसायला हवी होती.

घरी आलो. बायको चुलीपाशी होती. "आज मी वाचलं," म्हणालो, "एका झपक्यात. पोट्ट्यांसारखं."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता ते दार पाहा. लागत नाई नीट. चार दिवस झाले, खांदा लावून लावून दुखून राह्यला."

"माझ्या हातचं दार फुगत नाही."

"मी कुठं म्हटलं फुगलं? लागत नाई म्हटलं."

"तू तिरपी ढकलत असशील."

"हो, मीच तिरपी," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

पुढं महिनाभर हेच चाललं. पेटीत मला रोज शब्द दिसायचा. सकाळ. बदक. एकदा तर पाऊलवाट. बाईंच्या वहीतलं मांजर गेलं. मी ऐटीत कोर्टासमोरच्या चहाच्या हॉटेलात गेलो आणि पेपर मागितला. मालकानं माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्याची बैलजोडी मागितली. पेपर उघडला, आणि सगळं पहिल्यासारखंच. बोट धरल्याशिवाय ओळ सापडेना. एक मथळा होईपर्यंत चहावर साय धरली. मला काही समजेना. पेटीत मी साहेब, आणि हॉटेलात चौथी नापास.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मोताळ्याहून परत आलो. वर घाटावर धुकं असं की हातातली पेटी ओलसर लागत होती. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून खांद्यानं दार लोटलं. उघडेना. जोर लावला. तेव्हा ते खालची फरशी खरवडत, हळूहळू, सर्रर्र करत उघडलं. आणि मी पेटी छातीशी धरून तिथंच उभा राहिलो.

आत जाऊन पेटी मांडली. झडप वर केली, सोडली. चैत्रात धप् असा आवाज यायचा. आता आधी सर्रर्र, मग धप्. म्हाताऱ्या माणसानं पायऱ्या उतराव्या तशी फळी उतरत होती. महिनाभर हा आवाज माझ्या कानावर पडत होता. लाकडाच्या आवाजावरून झाड ओळखणारा माणूस मी, आणि मला तो ऐकू आला नव्हता. ऐकायचाच नव्हता.

म्हणजे पोरं शिकली नव्हती, झडप हळू पडत होती. मीही शिकलो नव्हतो.

बायकोनं माझं तोंड पाहिलं. "काय झालं?"

सांगितलं. रंधा मारला तर दहा मिनिटांचं काम, हेही सांगितलं. कोणाला कळणार नव्हतं. बाईंना लाकडातलं काही समजत नाही, त्यांच्या विद्वानांना तर नाहीच.

"मंग सांगणार का त्यायले?"

"काय सांगू? माझं काम फुगलं म्हणून?"

ती भांडी आवरत म्हणाली, "मले तर आजपावतर नाई सांगितलं दार फुगलं म्हणून. त्यायले तरी सांगा."

झडप काढून मी चुलीवरच्या फळीवर वाळत ठेवली. सकाळी जाताना पेटीबरोबरच करून ठेवलेली जादाची फळी बरोबर घेतली, ती मात्र न वाळवलेली. बाईंच्या घरी गेलो तेव्हा त्या सरांना पाठवायचे कागदच लिहीत होत्या. मी पेटी टेबलावर ठेवली.

"बाई, झडप फुगली."

त्यांना अर्थच लागेना. मी ओली फळी घालून सोडली. सर्रर्र, धप्. मग चुलीवर वाळलेली घालून सोडली. धप्. दोनदा केलं. तिसऱ्यांदा करायची गरज पडली नाही. बाईंनी लेखणी खाली ठेवली.

"कधीपासून?"

"श्रावणापासून असंल."

"काऊन नाई सांगितलं बे मिस्त्री?"

इतक्या दिवसांत त्या माझ्याशी पुस्तकासारखं बोलत आल्या होत्या. रागानं त्यांच्या तोंडात आमचं बोलणं आलं. मला ते 'बे' लागलं नाही. पुढं त्या एकदम हळू बोलल्या, ते लागलं.

"मी सैल ठेवा म्हणाले होते."

"हो."

"तुम्ही म्हणालात, सैल काम जात नाही."

"हो."

माफी मागायची असते हे मला समजत होतं, पण तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही, बायकोसाठीही कधी निघाला नाही. मी म्हणालो, "रंधा आणला आहे."

"रंध्यानं मागचा महिना निघतो का?"

त्यांनी विचारलं, तुमच्या लक्षात कसं आलं. मी हॉटेलातल्या पेपरचं सांगितलं. दाराचं नाही सांगितलं, ते आज पहिल्यांदा सांगतो आहे. त्या म्हणाल्या, "तुमचं कमळही गेलं म्हणजे."

"गेलं तर गेलं," मी म्हणालो. "मले काय करायचं कमळ."

मग त्यांनी वही ओढली आणि श्रावणापासूनच्या एकेका पानावर तिरपी रेघ मारत गेल्या. मी म्हणालो, फाडूनच टाका. तर म्हणाल्या, "फाडायचं नाही. चुकलं ते चुकलं म्हणून राहिलं पाहिजे." 'गवत'च्या पानावर त्यांचा हात थोडा थांबला. रेघ मारली.

दिवाळीत त्यांनी विद्वानांपुढं काही वाचलं नाही. सरांचं पत्र आलं, ते त्यांनी मला वाचून दाखवलं नाही, घडी करून पिशवीत टाकलं. रजा संपली. पुढच्या वर्षी कॉलेजच्या सुट्ट्यांत येऊन त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं, नवी पोरं घेऊन, कोरड्या दिवसांत. मी म्हणालो नाही, पण समजत होतं, एका वर्षाचं काम माझ्या ताठ्यानं दोन वर्षांवर नेलं.

नवी पेटी मी केली. खाचांना पितळी पट्ट्या पाहिजे होत्या, म्हणून बाजारातल्या पितळेचं काम करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी फळी खाचेत घालून हलवून पाहिली. "मिस्त्री, ये तो ढीला है!"

"ढीलाच पाहिजे, चाचा."

"तबियत ठीक है ना?" त्यांनी विचारलं. आठवडाभर ते बाजारात सांगत फिरले की मिस्त्रीनं सैल काम केलं.

नव्या पेटीत पोरांनी मारलेली उडी पहिल्याइतकी मोठी निघाली नाही. पण निघाली. बाई म्हणाल्या, "लहान आहे, पण खरी आहे. आता कोणी मास्तर ढ म्हणाला तर माझ्याकडे दाखवायला कागद आहे." तो कागद पुढं छापला. त्यावर त्या मोठ्या झाल्या, मग विजेवर चालणारी यंत्रं आली, परदेशातले लोक आले. तरी बरीच वर्षं सुट्टीत त्या बुलढाण्याला आल्या की माझी पेटी घेऊन शाळांत जायच्या. आणि कामाआधी पहिलं कार्ड मला.

"काय दिसलं?"

"मांजर."

"मग पेटी बरोबर आहे," असं म्हणून पोरांना आत बोलवायच्या. मला एका नजरेत वाचता येत नाही हा त्या पेटीचा दाखला झाला होता. त्याचा मला चक्क अभिमान वाटायचा. कोणी हसला तर मी सांगायचो, माझ्या मांजरावर शास्त्र उभं आहे.

एक मात्र बाईंना सांगितलं नव्हतं. त्या चहाच्या हॉटेलात मी रोज जायला लागलो होतो. पेपरनं मला एकदा पाडलं होतं, ते मला सहन होत नव्हतं. रोज एक मथळा, मग एक बातमी, बोट धरून. मालक म्हणायचा, "मिस्त्री, पेपर फाटंल बोटानं." फाटू दे म्हणायचो.

काही वर्षं अशी गेली. एका पौषात बाई आल्या. हवा अशी कोरडी की ओठ फुटत होते. शाळेत पेटी मांडली, त्यांनी नवं कार्ड लिहून लावलं. मी डोळे लावले. धप्.

"मोहोळ," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी आधी पेटीकडे पाहिलं. मी लगेच ती खोलली. पट्ट्या कोरड्या, फळी सैल, आवाज साफ. बाईंनी दुसरं कार्ड लावलं. तेही वाचलं. तिसऱ्याला मांजर पळालं तेव्हा मला बरं वाटलं. चौथं पुन्हा वाचलं.

"पेटी बरोबर आहे, मिस्त्री," बाई म्हणाल्या.

"नाही. मले दिसलं म्हणजे बिघडली."

"पितळ फुगत नाही."

"लाकूड तर आहे ना आत. आज पोट्ट्यांले नका दाखवू."

त्या हसल्या नाहीत. माझा शब्द मानून त्यांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं. पूर्वी एकदा मानला होता त्याचं काय झालं हे माहीत असूनही. वहीत काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही.

मी घरी आलो. माझ्या घराचं ते दार मी कधी रंधलं नव्हतं. रंधलं असतं तर ते फुगलं होतं हे कबूल केल्यासारखं झालं असतं. दर पावसाळ्यात ते अडायचं आणि दर हिवाळ्यात मोकळं व्हायचं. मी ते लावलं, उघडलं. परत लावलं. नुसत्या एका बोटानं ढकललं. आवाज न करता ते भिंतीपर्यंत गेलं.

बायको सुपात ज्वारी पाखडत होती. "काय करून राह्यले?"

"दार पाहून राह्यलो."

"आता कुठं अडते ते. अडते ते पावसाळ्यात."

"हाव," मी म्हणालो. "फुगते ते पावसाळ्यात."

तिचं सूप थांबलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंकडे जाऊन सांगितलं, पेटी चांगली आहे, पोरांना बोलवा, आणि पहिल्या कार्डासाठी आता दुसरा कोणी माणूस शोधा.